लिप फिलर करून घ्यायचेत? सुई टोचण्याआधी एवढं माहीत हवं

तुळशीचं लग्न लागलं की घरोघरी मुहूर्त बघायला सुरुवात होते. हॉल, केटरर, शालू, दागिने, मेकअप, मेंदी अशी यादी लांबत जाते. गेल्या काही वर्षांत या यादीत एक नवी ओळ आली आहे : फिलर. कुणाला ओठ थोडे भरीव हवे असतात, कुणाला डोळ्यांखालचे खड्डे घालवायचे असतात, तर मुलीच्या लग्नात फोटो चांगले यावेत म्हणून आईलाही नाकापासून ओठापर्यंतच्या रेघा कमी करायच्या असतात. नवरदेवही आता मागे नाहीत. जबड्याला टोक यावं म्हणून तेही चौकशी करतात.

पूर्वी अशा गोष्टींसाठी मुंबई गाठावी लागायची. आता जबलपूरसारख्या शहरातही राइट टाउन, नेपियर टाउन भागात स्किन क्लिनिकच्या पाट्या दिसतात आणि मोबाइलवर ‘लंच टाइम ट्रीटमेंट’, ‘पंधरा मिनिटांत नवे ओठ’ अशा जाहिराती येतात. यातली पंधरा मिनिटं खरी आहेत. पण त्यामुळे फिलर हा फेशियलचाच मोठा भाऊ असावा, असा समज होतो आणि गडबड इथेच होते. फेशियल त्वचेच्या वर होतं. फिलर त्वचेच्या आत, रक्तवाहिन्यांच्या शेजारी सोडलं जातं. म्हणून ते सौंदर्यासाठी असलं, तरी उपचारच आहे.

फिलर वाईट असतं म्हणून घाबरवायचा इथे हेतू नाही. योग्य हातांनी केलेलं फिलर बहुतेकांना काही त्रास न होता पार पडतं. पण पैसे भरण्याआधी काय बघायचं, काय विचारायचं आणि कधी नाही म्हणायचं, हे माहीत असायला हवं.

फिलर म्हणजे नेमकं काय?

आज सर्वात जास्त वापरलं जाणारं फिलर हायल्युरोनिक ॲसिडचं असतं. नावात ॲसिड असलं तरी ते जाळणारं रसायन नाही. आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यांत हा पदार्थ मुळातच असतो. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात तो साधारण १५ ग्रॅम असतो आणि त्यातला जवळपास एकतृतीयांश भाग शरीर रोज मोडून नवा बनवतं. पाणी धरून ठेवणं हे त्याचं काम. कार्ल मायर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो गाईच्या डोळ्यातून वेगळा काढला. गुडघे दुखतात म्हणून आजीच्या गुडघ्यात डॉक्टर जेलचं इंजेक्शन देतात, त्यातही बहुतेक वेळा हाच पदार्थ असतो.

नैसर्गिक स्वरूपात तो शरीरात फार काळ टिकत नाही. म्हणून कंपन्या त्याचे धागे एकमेकांना रासायनिक गाठींनी जोडून घट्ट जेल बनवतात. हे जेल ओठात, गालात किंवा घडीखाली सोडलं की ती जागा भरून येते. रेस्टिलेन या फिलरला अमेरिकेच्या एफडीएने २००३ मध्ये मान्यता दिली, ज्युवेडर्मला २००६ मध्ये. बहुतेक फिलरमध्ये दुखू नये म्हणून लिडोकेन हे बधिर करणारं औषधही मिसळलेलं असतं.

बोटॉक्स आणि फिलर यांत अनेकांचा गोंधळ होतो. बोटॉक्स स्नायू तात्पुरता सैल करतं, त्यामुळे कपाळावरच्या आठ्या कमी होतात. फिलर पोकळ जागा भरतं. दोन्हीची सुई दिसायला सारखीच असते, पण काम वेगळं, परिणाम वेगळा आणि धोकेही वेगळे.

हायल्युरोनिक ॲसिडशिवाय कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपेटाइट, पॉलीलॅक्टिक ॲसिड, पीएमएमए असे फिलरचे इतर प्रकारही आहेत. यातला महत्त्वाचा फरक लक्षात ठेवा : हायल्युरोनिक ॲसिडचं फिलर औषधाने विरघळवता येतं, बाकीचे असे विरघळत नाहीत. पहिल्यांदाच करून घेत असाल, तर हा फरक किमतीपेक्षा मोठा आहे.

एक इशारा जुन्या काळातूनही मिळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात चेहऱ्यात चक्क पॅराफिन, म्हणजे मेण टोचलं जायचं. पुढे त्या मेणाच्या गाठी झाल्या, ते जागेवरून सरकलं आणि चेहरे कायमचे बिघडले. नंतर हीच गत पातळ सिलिकॉनची झाली. एफडीएने चेहरा किंवा शरीर भरण्यासाठी सिलिकॉनची इंजेक्शनं घेऊ नका असं स्पष्ट सांगितलं आहे. ‘एकदाच टोचा, आयुष्यभर बघायला नको’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. कायमचं राहणारं फिलर म्हणजे बिघडलं तर कायमची डोकेदुखी.

किती लागतं आणि किती टिकतं?

ओठांसाठी एका वेळी सहसा अर्धा ते एक मिलिलिटर फिलर पुरतं. चहाच्या चमच्यात पाच मिलिलिटर मावतं, म्हणजे एक मिलिलिटर हा त्या चमच्याचा पाचवा भाग. एवढ्याशा जेलने ओठ फुगतील अशी भीती नको आणि एका बैठकीत चेहराच बदलेल अशी आशाही नको. चांगले डॉक्टर आधी थोडं टोचतात, दोन-चार आठवडे थांबतात आणि गरज वाटली तरच पुढचं बघतात.

ओठ सतत हलत असतात, त्यामुळे तिथलं फिलर बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभर दिसतं. गालात ते जास्त टिकतं. मात्र ‘दिसेनासं झालं’ म्हणजे ‘पूर्ण निघून गेलं’ असं नाही. एमआरआय तपासणीत काही जणांच्या चेहऱ्यात फिलर अपेक्षेपेक्षा बराच जास्त काळ राहिल्याचं आढळलं आहे. म्हणून दर सहा महिन्यांनी ‘टॉप-अप’ घेत राहिलं की थरावर थर चढतात आणि ओठांच्या वर, मिशीच्या जागी फुगवटा येतो.

नामांकित कंपनीच्या एका सिरिंजचा खर्च बहुतेक ठिकाणी पाच आकडी असतो आणि परिणाम हवा तितके दिवस हा खर्च पुन्हा करावा लागतो. हे गणित आधीच मांडा. ‘दोन मैत्रिणी मिळून एक सिरिंज घ्या, स्वस्त पडेल’ अशी ऑफर आली तर सरळ नकार द्या. एका माणसासाठी उघडलेली सिरिंज दुसऱ्याला वापरली तर हिपॅटायटिस, एचआयव्ही यांसारख्या रक्तातून पसरणाऱ्या आजारांचा धोका असतो. उरलेलं फिलर ‘पुढच्या वेळेसाठी’ ठेवणंही तितकंच चुकीचं.

खरा धोका कुठे आहे?

सूज, दुखणं, निळसर डाग हे बहुतेकांना होतं आणि जातं. धोका वेगळ्याच ठिकाणी असतो. चेहऱ्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे. सुईचं टोक चुकून एखाद्या धमनीत गेलं आणि जेल आत सुटलं, तर नळात बोळा बसावा तशी ती धमनी बंद होते. तिच्यावर अवलंबून असलेल्या त्वचेला रक्त मिळत नाही. वेळेवर उपचार झाले नाहीत तर ती त्वचा मरते आणि व्रण राहतो. फिलर धमनीबाहेर साचून तिच्यावर दाब आला तरी रक्तपुरवठा कमी होऊ शकतो.

याहून गंभीर प्रकार डोळ्याचा. नाक, दोन भुवयांमधली जागा आणि कपाळ इथल्या रक्तवाहिन्या डोळ्याकडच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या आहेत. जोराने सोडलेलं जेल उलट्या दिशेने ढकललं जाऊन डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीत अडकू शकतं. त्या पडद्याला रक्त मिळालं नाही, तर साधारण तास-दीड तासात कायमची इजा होऊ शकते.

व्हँकुव्हरच्या त्वचारोगतज्ज्ञ केटी बेलेझने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या वैद्यकीय नोंदी चाळल्या. २०१५ मध्ये त्यांना अशा टोचण्यांनंतर दृष्टी गेल्याची ९८ प्रकरणं सापडली. त्यानंतर सप्टेंबर २०१८ पर्यंत आणखी ४८ प्रकरणं नोंदली गेली. या ४८ पैकी निम्म्याहून जास्त वेळा सुई नाकात टोचलेली होती. जगभर होणाऱ्या लाखो इंजेक्शनांच्या मानाने हा आकडा लहान आहे. तरीही ‘शस्त्रक्रियेशिवाय नाक सरळ’ ही जाहिरात पाहताना तो आठवायला हवा. नाकाचं फिलर हे ओठांच्या फिलरपेक्षा जास्त जोखमीचं काम आहे. ओठही अगदी निर्धोक नाहीत, कारण वरच्या आणि खालच्या ओठातून धमन्या जातात.

धमनी बंद झाली तर उपाय आहे. हायल्युरोनिडेज नावाचं एन्झाइम लगेच टोचलं तर हायल्युरोनिक ॲसिडचं जेल विरघळतं आणि त्वचा बहुतेक वेळा वाचवता येते. दृष्टीच्या बाबतीत मात्र खात्री देता येत नाही. म्हणूनच हे औषध त्याच क्लिनिकमध्ये, त्याच क्षणी, पुरेशा प्रमाणात हाताशी हवं. ‘लागलं तर मेडिकलमधून मागवू’ हे उत्तर चालणार नाही.

सगळ्या चौकशीतला सर्वात मोलाचा प्रश्न हाच : ‘डॉक्टर, काही बिनसलं तर हायल्युरोनिडेज आत्ता इथे आहे का आणि ते तुम्ही स्वतः देता का?’ अनुभवी डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. ते फ्रीज उघडून दाखवतील. समोरच्याला हे नावच माहीत नसेल किंवा ‘आमच्याकडे असं कधी होतच नाही’ असं उत्तर आलं, तर तुमचा निर्णय तिथेच झाला असं समजा.

सुई कोणाच्या हातात?

पांढरा कोट, काचेचा दरवाजा आणि भिंतीवरची सर्टिफिकेटं बघून आपण भुलतो. दोन दिवसांच्या कोर्सची सर्टिफिकेटंही फ्रेममध्ये तितकीच छान दिसतात. जबलपूरकरांना यासाठी लांबचं उदाहरण नको. आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवरच्या दमोहमध्ये एप्रिल २०२५ मध्ये एक प्रकरण उघडकीला आलं. ब्रिटनमधल्या नामवंत हृदयरोगतज्ज्ञाचं नाव लावून एका खासगी हॉस्पिटलमध्ये हृदयरुग्णांवर उपचार केल्याच्या आरोपावरून एकाला अटक झाली आणि रुग्णांच्या मृत्यूंची चौकशी सुरू झाली. त्याच वर्षी कानपूरमध्ये हेअर ट्रान्सप्लांटनंतर दोन तरुण इंजिनिअरांचा मृत्यू झाल्याची प्रकरणं पोलिसांत गेली. यातलं एकही प्रकरण फिलरचं नाही. पण हृदयाच्या उपचारात जर पदवीवर असा प्रश्न उभा राहू शकतो, तर ओठांच्या इंजेक्शनआधी पदवी तपासणं हा आगाऊपणा कसा म्हणायचा?

तपासायचं कसं, तेही सोपं आहे.

• डॉक्टरांचं पूर्ण नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर विचारा. तो प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असायलाच हवा.
• मध्य प्रदेशात मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिल आणि महाराष्ट्रात महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरांची नोंदणी करते. नॅशनल मेडिकल कमिशनच्या वेबसाइटवर देशभरातल्या डॉक्टरांची यादी शोधता येते. ते नाव तिथे आहे का, ते मोबाइलवरच बघा.
• पदवी वाचा. त्वचारोगासाठी एमडी, डीएनबी किंवा डीव्हीडी, डीडीव्हीएल यांसारखा डिप्लोमा. प्लास्टिक सर्जरीसाठी एमसीएच किंवा डीएनबी. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’, ‘एस्थेटिशियन’, ‘स्किन एक्स्पर्ट’ हे शब्द कुणीही पाटीवर लिहू शकतं.
• ज्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं, तेच टोचणार आहेत ना? तपासणी मोठ्या डॉक्टरांनी करायची आणि सुई असिस्टंटने धरायची, असं होऊ देऊ नका.

पार्लरच्या ताईंवर आपला वर्षानुवर्षांचा विश्वास असतो. थ्रेडिंगचा त्यांचा हात कितीही हलका असला, तरी धमनी बंद झाली तर उपचार करण्याचं शिक्षण त्यांना मिळालेलं नसतं. घरी येऊन किंवा हॉटेलच्या खोलीत टोचणाऱ्यांचंही तेच. सुईशिवाय, दाबाने जेल आत सोडणारं ‘हायल्युरॉन पेन’ तर आणखी फसवं. सुई नाही म्हणून ते सुरक्षित वाटतं. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये एफडीएने असल्या साधनांनी फिलर टोचू नका असा जाहीर इशारा दिला होता. ऑनलाइन फिलर मागवून व्हिडिओ बघत स्वतःच टोचण्याचा विचारही नको.

मनात शंका असेल तर आधी दुसरं मत घ्या. जबलपूरमध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात दाखवता येतं. तिथे तुम्हाला काही विकायचं नसतं, त्यामुळे ‘याची गरज आहे का?’ या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळण्याची शक्यता जास्त.

डबा तुमच्यासमोर उघडा

औषधाच्या दुकानात आपण गोळीच्या पाकिटावरची तारीख बघतो. इथेही तेच करायचं. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडायला सांगा. कंपनीचं नाव, फिलरचं नाव, किती मिलिलिटर, लॉट नंबर आणि एक्स्पायरी वाचा. परदेशी फिलर असेल तर भारतातल्या आयातदाराचं नाव, पत्ता आणि आयात परवान्याचा नंबर लेबलवर असावा लागतो. वैद्यकीय उपकरणांसाठीच्या २०१७ च्या नियमांत तशी तरतूद आहे. ‘कोरियाहून ओळखीने मागवलंय’ असं सांगून लेबल नसलेली सिरिंज पुढे आली, तर उठून या.

नामांकित फिलरच्या डब्यात लॉट नंबरचे स्टिकर असतात. एक तुमच्या फाइलला लागतो. एक मागून घ्या किंवा फोटो काढून ठेवा. सहा महिन्यांनी गाठ आली आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं, तर आत काय टोचलंय हे त्या फोटोवरून लगेच कळतं.

डॉक्टरांपासून काही लपवू नका

फिलर ही चैन वाटते म्हणून अनेक जण आपले आजार सांगत नाहीत. या गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात :

• ओठावर वारंवार ‘जर’ उठत असेल, म्हणजे तापानंतर येणारे फोड. सुई टोचल्याने ते पुन्हा उसळू शकतात. डॉक्टर आधी गोळ्या सुरू करतात.
• मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर अंगावर रिॲक्शन येत असेल. त्यांच्या विषातही हायल्युरोनिडेज असतं, त्यामुळे विरघळवण्याच्या औषधाची ॲलर्जी असू शकते.
• लिडोकेनची ॲलर्जी. दाढ काढताना इंजेक्शनने त्रास झाला होता का, ते आठवा.
• हृदयासाठी ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल. ती मनाने बंद करू नका. व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, लसणाच्या कॅप्सूल यांनीही निळे डाग वाढतात, तेही सांगा.
• संधिवातासारखा ऑटोइम्यून आजार, मधुमेह, जखमेचा वण जाड होण्याची प्रवृत्ती.
• दातांचं काम चालू असेल किंवा नुकतीच लस घेतली असेल. डिसेंबर २०२० मध्ये कोविड लशीच्या चाचणीत आधी फिलर घेतलेल्या काही जणांच्या चेहऱ्यावर लशीनंतर सूज आल्याची नोंद झाली होती. दात आणि लस दोन्हींपासून दोन-तीन आठवड्यांचं अंतर ठेवलेलं बरं.
• आधी कधीही, कुठेही घेतलेलं फिलर.

गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर थांबा. चेहऱ्यावर पिकलेल्या पुटकुळ्या, जखम किंवा इन्फेक्शन असेल तर ते पूर्ण बरं झाल्यावरच विचार करा.

आणि वय? एफडीएची फिलरसाठीची मान्यता २२ वर्षं आणि त्यापुढच्या प्रौढांसाठी आहे. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना सौंदर्यासाठी फिलर टोचणं हा गुन्हा आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षात असलेल्या मुलीने हट्ट धरला, तर घरच्यांनी ओरडण्यापेक्षा हे दोन मुद्दे तिच्यासमोर ठेवावेत. तिला ते जास्त पटतील.

लग्नाची तारीख ठरलीय? मग उलटं मोजा

सर्वात जास्त फजिती होते ती घाईमुळे. साखरपुड्याच्या आठ दिवस आधी फिलर करून घेतलं आणि फोटोत ओठावर निळा डाग आला, हे सहज होऊ शकतं. म्हणून तारखेपासून मागे मोजत या.

तीन महिने आधी : डॉक्टर निवडा, फक्त सल्ला घ्या. त्याच दिवशी टोचून घेऊ नका. घरी या, दोन रात्री विचार करा.

दोन महिने आधी : करायचंच असेल तर आता करा. म्हणजे सूज उतरायला, आकार स्थिरावायला आणि काही कमी-जास्त वाटलं तर दुरुस्त करायला वेळ राहतो.

एक महिना आधी : यानंतर नवीन काही नाही. फिलर पहिल्यांदाच घ्यायचं असेल तर तेही नाही.

टोचल्यानंतर दोन आठवडे ओठांवर थ्रेडिंग, व्हॅक्सिंग, फेशियल, मसाज नको. हळद आणि केळवणं याच दिवसांत येतात. हळद लावायला आलेल्या मावश्या-काकू गाल चोळणारच, त्यामुळे तारखा आधीच जुळवून घ्या. पहिले एक-दोन दिवस जिम, वाफ, फार गरम पाण्याने अंघोळ आणि दारू टाळा. बर्फ कापडात गुंडाळून हलका धरायचा, दाबायचा नाही. ‘गाठ लागतेय’ म्हणून स्वतः चोळत बसू नका.

एक गोष्ट आपल्यासारख्या शहरांत राहणाऱ्यांसाठी खास. बरीच मराठी कुटुंबं उपचारासाठी नागपूरला जातात किंवा मुंबई-पुण्याला नातेवाइकांकडे गेली की तिथे करून घेतात. त्यात चूक काही नाही. पण दुपारी टोचून रात्रीच्या गाडीत बसू नका. नागपूर इथून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. धमनी बंद झाल्याची खूण काही वेळा लगेच न दिसता काही तासांनी दिसते आणि ती तुम्हाला इटारसीच्या प्लॅटफॉर्मवर दिसली तर कुणाकडे जाणार? निदान दोन दिवस त्याच गावात मुक्काम ठेवा आणि डॉक्टरांचा रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर घेतल्याशिवाय क्लिनिकबाहेर पडू नका.

काय नॉर्मल आणि कधी धावायचं?

नॉर्मल : दोन-तीन दिवस सूज, सकाळी उठल्यावर ती जास्त वाटणं. आठवडा-दहा दिवस निळा-पिवळा डाग. थोडा ठणका. दोन्ही बाजू सुरुवातीला थोड्या वेगळ्या दिसणं.

लगेच डॉक्टरांना फोन करून निघा : सुईच्या जागेभोवती त्वचा पांढरी पडली, किंवा जाळीसारखे जांभळट पट्टे आले. दुखणं कमी होण्याऐवजी वाढत चाललं. तो भाग गार लागतोय. आपल्या सावळ्या त्वचेवर पांढरेपणा पटकन कळत नाही, म्हणून घरी एक तपासणी करता येते. त्या जागी बोटाने हलकं दाबून सोडा. रंग परत यायला दुसऱ्या बाजूपेक्षा जास्त वेळ लागला तर थांबू नका. ओठाच्या आतली बाजूही आरशात बघा. ‘सकाळपर्यंत वाट बघू’ हा विचार इथे महागात पडतो. दुखत नाही म्हणून निर्धास्तही राहू नका, कारण लिडोकेनमुळे सुरुवातीचं दुखणं झाकलं जाऊ शकतं.

मिनिटाचाही उशीर नको : टोचताना किंवा नंतर अचानक धूसर दिसणं, एका डोळ्याने न दिसणं, दोन-दोन दिसणं, डोळ्यात तीव्र दुखणं, पापणी पडणं, बोलताना अडखळणं, हात-पाय लुळे वाटणं, श्वास घ्यायला त्रास. अशा वेळी १०८ ला फोन करा, डोळ्यांचा विभाग असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा आणि ‘फिलर टोचलंय’ हे पहिल्या वाक्यात सांगा. लाजेने ही गोष्ट लपवली तर डॉक्टर भलत्याच दिशेने शोध घेत बसतात आणि वेळ हातातून जाते.

आठवड्यांनी किंवा महिन्यांनी लाल, दुखरी गाठ आली, तरी पार्लरमध्ये न जाता डॉक्टरांनाच दाखवा.

आवडलं नाही तर विरघळवता येतं ना?

येतं, पण ते चित्र पुसण्याइतकं सोपं नाही. उर्फी जावेदने जुलै २०२५ मध्ये आपल्या ओठांचे फिलर विरघळवतानाचा व्हिडिओ स्वतःच इन्स्टाग्रामवर टाकला होता. अठराव्या वर्षापासून घेतलेले फिलर नीट जागी बसलेच नव्हते, असं तिने सांगितलं. विरघळवण्याच्या इंजेक्शनांनंतर तिचे ओठ आणि चेहरा इतका सुजला की अनेकांनी तिची चेष्टा केली. तिने फिलरला सरसकट नाही म्हटलं नाही. विरघळवणं वेदनादायक असतं आणि चांगल्या डॉक्टरकडेच जा, असं मात्र तिने बजावलं. चकचकीत क्लिनिकवर भुलू नका, हा तिच्या सांगण्याचा रोख होता. त्या व्हिडिओवर हसण्यापेक्षा त्यातून हे घेण्यासारखं आहे.

शेवटचा प्रश्न स्वतःला

सगळं तपासून झालं, डॉक्टरही उत्तम मिळाले. तरी एक प्रश्न राहतोच : हे कोणासाठी?

तुमचा फोन खोटं बोलतो, हे आधी लक्षात घ्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. म्हणजे ज्या नाकाची तक्रार घेऊन आपण क्लिनिकमध्ये जातो, ते नाक समोरच्या माणसाला तसं दिसतच नाही. फिल्टर लावलेल्या चेहऱ्याशी तुलना केली तर कुणाचाही खरा चेहरा कमीच पडणार. डॉक्टरांकडे जायचं तर कुणा हिरोइनचा फोटो नेऊ नका. स्वतःचाच चांगला उजेडात, लांबून काढलेला, फिल्टर नसलेला फोटो न्या.

आणि घरातल्या मोठ्यांनीही थोडं जपावं. ‘ओठ किती बारीक हिचे’, ‘नाक आजोबांवर गेलंय, लग्न जमायला त्रास होईल’ ही वाक्यं हसत हसत बोलली जातात आणि ऐकणाऱ्याच्या मनात घर करून बसतात. पाहण्याच्या कार्यक्रमात सासरच्यांनी सुचवलं म्हणून, किंवा नवऱ्याला आवडेल म्हणून घेतलेलं फिलर सहा महिन्यांत उतरेल, पण ती टोचणी उतरणार नाही. कितीही केलं तरी आरशात दोषच दिसत असेल, दिवसातले तासन्‌तास त्याच विचारात जात असतील, तर तिथे सुईचा उपयोग नाही. मानसोपचारतज्ज्ञांशी बोलायला हवं आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

उलट एखादीने सगळं समजून, स्वतःच्या पैशांनी, स्वतःच्या आनंदासाठी ठरवलं असेल, तर तिला नावं ठेवायचंही कारण नाही. तिच्यासोबत जा. चोरून, एकटीने, सर्वात स्वस्त जागा शोधून करण्यापेक्षा घरच्या माणसाला सोबत घेऊन, चार प्रश्न विचारून केलेलं केव्हाही सुरक्षित. सल्ल्याच्या वेळी बाजूच्या खुर्चीत आई, बहीण, नवरा किंवा मैत्रीण बसलेली असू द्या. घाबरून तुम्ही विचारायचं विसरलात, तर तो प्रश्न त्यांनी विचारावा : ‘डॉक्टर, काही बिनसलं तर?’